आठवी आळी: छोट्या गावातली रहस्य-प्रेमकथा लिहायची तर

वाईत सतरा वर्षांच्या मुलीला रस्त्यात कोणीही थांबवून विचारू शकतं, "कुणाची गं तू?" तिनं आडनाव सांगितलं की विचारणाऱ्या काकूंना तिचे आजोबा आठवतात, आजोबांचं भांडण आठवतं, आत्याचं मोडलेलं लग्न आठवतं. काकू फक्त "हं" म्हणतात आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतात. छोट्या गावातली, तरुण मुलांची, थोडं रहस्य थोडं प्रेम अशी गोष्ट लिहायची असेल तर त्या "हं"पासून सुरुवात करा. तुमचं सगळं कथानक त्यात आहे.

माझं वाईत झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. लोक आपल्या घरातलं जे नवऱ्यालाही दाखवत नाहीत ते दोन रुपयाला एक पान या दराने माझ्यासमोर काचेवर पालथं घालतात. त्यातून मी एक कादंबरी लिहिली. ती अजून छापून आलेली नाही, त्यामुळे तिचा शेवट इथं सांगितला तरी माझं काही जात नाही. उदाहरण म्हणून तीच वापरते.

आधी नकाशा, मग गोष्ट

माझा पहिला खर्डा वाईट होता. घाटावर प्रेत, इन्स्पेक्टर, पाऊस. मुलगा आणि मुलगी पोलीस ठाण्यात जातात आणि साहेब त्यांना पंचनामा वाचायला देतात. दुकानात येणाऱ्या एका निवृत्त हवालदारांना मी ती पानं दिली. ते म्हणाले, "ताई, पोरांना पंचनामा कोण देतं? पोरांना आम्ही म्हणतो, वडिलांना घेऊन ये." तिथं तो खर्डा संपला.

पण त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट कळली. छोट्या गावात पोरांना कागद मिळत नाहीत, अधिकार मिळत नाही, एकांत तर नाहीच. त्यांना मिळतं ते फक्त दिसणं आणि ऐकू येणं. म्हणून मी एक मोठा ड्रॉइंग पेपर घेतला आणि गावाचा नकाशा काढला. रस्ते कमी, डोळे जास्त. औषधाच्या दुकानातून एसटी स्टँडचं फाटक दिसतं. अमुक माडीच्या खिडकीतून घाटाच्या वरच्या आठ पायऱ्या दिसतात, खालच्या दिसत नाहीत. घाटावर बसलेला माणूस समोरच्या काठावरून पूर्ण दिसतो, पण बोललेलं ऐकू येत नाही. नदीला पाणी कमी असेल आणि रात्र असेल तर मात्र बरंच ऐकू येतं.

प्रत्येक डोळ्यापुढे वेळ लिहा. फुलवाली पहाटे साडेपाचला, क्लासची पोरं सातला, दुपारी दोन ते चार सगळी दारं ओढलेली, संध्याकाळी आरतीला सगळा गाव. हा कागद पुढे दोन कामं करतो. गुन्हा किंवा चोरी कोणी पाहिली असेल ते त्यावरून ठरतं. आणि तुमची ती दोघं कुठे, किती मिनिटं भेटू शकतात तेही त्यावरूनच ठरतं. रहस्य आणि प्रेम दोन्ही एकाच कागदावर चालतात, हे मला तिसऱ्या खर्ड्यात उमगलं. छोट्या गावात दोन्हींचा प्रश्न एकच असतो: कोणी पाहिलं?

चार वेगवेगळ्या वेळी स्वतः चालून बघा. आठवणीतून लिहू नका. मी चाळीस वर्षं त्या पायऱ्या उतरते आहे आणि तरी वरच्या माडीतून किती पायऱ्या दिसतात हे मला सांगता आलं नसतं.

खरं गाव, खोटी आळी

वाईत कृष्णेकाठी सात आळ्या आणि त्यांचे घाट आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. माघापासून पुढे प्रत्येक आळीचा कृष्णाबाईचा उत्सव आपापल्या दिवसांत होतो. देवी घाटावर मांडवात येते. कीर्तनं, हळदीकुंकू, जेवणावळी. लेखकाला अशी देणगी मिळायला भाग्य लागतं. ठरलेले दिवस, एकत्र आलेला गाव, बाहेरून आलेले नातेवाईक, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायची परवानगी. त्यात बारावीची परीक्षा त्याच सुमारास, फेब्रुवारी-मार्चात. नायिकेच्या आईला रागवायला कारण शोधावं लागत नाही.

पण मी उत्सवातल्या वर्गणीच्या पैशाची गोष्ट लिहीत होते. ती सातांपैकी कुठल्याही आळीवर टाकली असती तर दुसऱ्या दिवशी मला दुकान उघडता आलं नसतं. म्हणून मी आठवी आळी काढली. ढोल्या गणपती जिथं आहे तिथंच ठेवला: १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेला, पुराचं पाणी दुभंगावं म्हणून ज्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. शेजारच्या मेणवली गावातली घंटा तिथंच ठेवली, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांच्या विजयाची खूण म्हणून पोर्तुगीज चर्चमधून आलेली. पसरणी घाट, धोम धरण, विश्वकोशाचं कार्यालय, सगळं जागच्या जागी. फक्त दोन घाटांच्या मधे एक आळी घुसवली. वाचकाला गाव खरं वाटतं आणि शेजारी तुमच्याशी बोलतात. तुमच्या गावातही एक खोटी आळी, एक खोटी शाळा, एक खोटी बँक बांधून घ्या. दोष ठेवायचा तो तिच्यावर.

गावाची प्रसिद्ध स्थळं मात्र जपून वापरा. एका प्रकाशकांनी माझं हस्तलिखित परत पाठवताना लिहिलं होतं की यातली वाई पोस्टकार्डावरची आहे. दोन दिवस राग आला, मग पटलं. मेणवलीच्या वाड्यावर मी तीन पानं खर्च केली होती आणि त्यात ती दोघं नुसती उभी होती. आता तिथं एकच प्रसंग आहे. ती घंटेकडे बघत म्हणते, "ही इथली नाहीच ना?" आणि तो म्हणतो, "अडीचशेच्या वर वर्षं झाली, अजून किती दिवस पाहुणी म्हणायचं?" तो बाहेरून आलेल्या घरातला आहे. एवढं पुरतं.

आमच्याकडे सिनेमांची शूटिंगं खूप होतात, त्याचाही मोह आवरा. एकदाच वापरलं: ओंकार, माझा नायक, धावत येऊन सांगतो की घाटावर पोलीस आलेत, आणि ते शूटिंगचे पोलीस निघतात. वाचक हसतो, आणि नंतर खरे पोलीस येतात तेव्हा कोणी खिडकीशी जात नाही.

रहस्य लहान ठेवा, पण घरातलं ठेवा

खून नको. खून झाला की गोष्ट पोलिसांची होते आणि तुमची पोरं प्रेक्षक होतात. पोलीस दखल घेणार नाहीत, मोठी माणसं "जाऊ दे" म्हणतील, पण एका घराची झोप उडेल असं काहीतरी हरवू द्या.

माझ्या गोष्टीत उत्सवाच्या जमाखर्चाची १९९४ सालची वही हरवते. आठव्या आळीच्या उत्सवाचा अमृतमहोत्सव आहे, स्मरणिका काढायची ठरली आहे, म्हणून पेटीतल्या जुन्या वह्या बाहेर काढतात तर एक कमी. सगळे म्हणतात, "सोडा हो." रेवतीला, माझ्या नायिकेला, तेवढ्याच "सोडा हो"मधे काहीतरी टोचतं. तिच्या घराला कधी आरतीचा मान मिळालेला नाही. का, ते तिला कोणी सांगितलेलं नाही. सगळ्या आळीला माहीत आहे.

शहरातल्या रहस्यकथेत उत्तर कोणालाच माहीत नसतं. आमच्याकडे ते तिघीचौघींना माहीत असतं आणि त्या हळदीकुंकवाला शेजारी शेजारी बसतात. त्यामुळे तुमच्या नायिकेचं काम शोधण्यापेक्षा बोलतं करण्याचं जास्त आहे. प्रत्येक गप्प माणसापुढे एक ओळ लिहा: हा का बोलत नाही? भीती, उपकार, शपथ, लाज, आळस. आळस विसरू नका. माझ्या गोष्टीतले एक जोशीकाका निव्वळ कंटाळ्याने काही सांगत नाहीत, आणि रेवती त्यांच्यावर चार प्रकरणं संशय घेते.

आता उत्तर. १९९४ साली ओंकारचे आजोबा खजिनदार होते. बायकोच्या आजारपणात त्यांनी उत्सवाचे अकरा हजार वापरले. रेवतीच्या आजोबांनी मित्राला वाचवायला ते आपल्या नावावर उसने लिहिले, वाडा पतसंस्थेकडे गहाण टाकून भरूनही टाकले, पण "वर्गणी खाल्ली" हा शब्द त्यांना चिकटला तो चिकटलाच. म्हणजे रेवतीनं आजोबांचं नाव धुवायचं तर ओंकारच्या घराचं काळं करावं लागतं. नायक-नायिकेच्या वाटेत हेच हवं. रहस्याचं उत्तर आणि प्रेमाची अडचण या दोन गोष्टी वेगळ्या असतील तर तुम्ही दोन कादंबऱ्या एका पुठ्ठ्यात बांधताय. एकीत वाचक दुसरीची पानं उलटेल.

त्यांना भेटवायचं कुठं

कॅफे नको. असेल तुमच्या गावात कॅफे, पण तिथं भेटणारी पोरं दुसऱ्या तालुक्यातली असतात. आपल्याच गावात भेटायचं तर गावानेच पाठवलेलं काम हवं. रेवतीचं अक्षर चांगलं आणि ओंकारला टायपिंग येतं, म्हणून स्मरणिकेच्या कामाला वडीलधारेच दोघांना एका टेबलाशी बसवतात. दार सताड उघडं, शेजारी पानसुपारी खाणारे दोन आजोबा. त्या उघड्या दारात जे होतं ते बंद दारापेक्षा जास्त लिहिण्यासारखं असतं. तो तिच्याकडे न बघता विचारतो, "हा 'श' आहे की 'स'?" पानावर 'श' अगदी स्वच्छ आहे.

नाव ओंकार ठेवलं कारण वाईत दगड मारला तर तो ओंकारला लागतो. प्रेमकथेत वेगळी नावं ठेवायची हौस असते. गावात नाव ऐकूनच मुलगा कळायला हवा.

वयाचं भान ठेवा. रेवती सतरा वर्षांची आहे, ओंकार एकोणीस. २०१२ च्या पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या, कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक आहे, आणि तिची संमती होती हे म्हणणं चालत नाही. हे फक्त लेखकाच्या जबाबदारीपुरतं नाही. गावात राग आलेला काका हा कायदा तोंडपाठ म्हणून दाखवतो, म्हणजे ते तुमच्या कथानकातलं खरं संकट आहे. माझ्या सगळ्या कादंबरीत ती दोघं एकदाच हात धरतात, तेही पाणी वाढलेल्या पायरीवर घसरताना, आणि नंतर अर्धं प्रकरण तो हात कोणी पाहिला याची काळजी करतात.

मोबाइल काढून टाकू नका. "रेंज नव्हती" हे वाक्य लिहिलं की तरुण वाचक पुस्तक मिटतो. मोबाइल असून का बोलता येत नाही ते लिहा: फोन आईचा आहे, नोटिफिकेशन वरच दिसतं, 'लास्ट सीन' चुगली करतं, मेसेज डिलीट केला तरी डिलीट केल्याची खूण राहते. पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, ते पानावर वाचवत नाही. मी देवनागरीच ठेवली आणि विरामचिन्हं काढून टाकली. "झोपलीस का" "नाही" "का" "असंच". बास, मेसेज वाटतो. त्यांची बोली तुमच्या कॉलेजातल्या आठवणीतून आणू नका. मी काउंटरवर कान देऊन आठवडाभर नुसती ऐकत होते. कोणी कोणाला 'प्रिये' म्हणत नाही. "जेवलीस का" हेच प्रेम आहे, आणि "हो, तू?" हे उत्तर.

धागा दोनदा दाखवायचा

आता मुख्य कसब. रहस्याचा धागा वाचकाच्या डोळ्यासमोर ठेवायचा असतो, पण तेव्हा त्याला वाटलं पाहिजे की आपण प्रेमप्रसंग वाचतोय.

ती वही कोणी नेली? रेवतीच्या आजीनं. नवऱ्यानं मरताना शपथ घातली होती की मित्राचं नाव बाहेर पडू द्यायचं नाही. स्मरणिकेचं ठरलं तेव्हा गणपती नुकते उठले होते. आजीनं वही उचलली, तिच्यातली दोन पानं फाडली आणि रेवतीच्या गोधडीत शिवून टाकली. उरलेली वही तिने बंबात घातली.

हे वाचकाला शेवटी कळतं. पण दुसऱ्या प्रकरणातच रेवती रात्री गोधडीत डोकं खुपसून ओंकारशी चॅट करत असते, आणि ती कूस बदलते तशी गोधडी कुरकुरते. तिला धास्ती वाटते की आईला आवाज जाईल. वाचकालाही तीच धास्ती वाटते. कुरकुर कशाची, हे कोणी विचारत नाही. कारण त्या क्षणी सगळ्यांचं लक्ष समोरच्या 'टायपिंग...'कडे आहे. एखादी वस्तू लपवायची असेल तर तिच्यावर प्रेमाचा प्रसंग अंथरा.

दुसरा धागा सरकारी आहे, आणि मला फार आवडतो कारण तो माझ्या काउंटरवरून गेला. गावातल्या वाड्याला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. आम्ही 'प्रॉपर्टी कार्ड' म्हणतो. नाव कोणाकडून कोणाकडे गेलं, वारस कधी लागले, कर्जाचा बोजा कधी चढला, तारखेसकट त्यावर नोंद असते. रेवतीला चुकून वाटतं की भानगड वाड्याच्या वाटणीची आहे. ती वडिलांच्या फाइलमधलं प्रॉपर्टी कार्ड काढते, वाटणीचं काहीच सापडत नाही, ती वैतागते. पण त्यावर पतसंस्थेचा बोजा आहे, १९९४ चा, उत्सव संपल्यानंतर तिसऱ्या दिवसाचा. ती ते वाचते आणि पुढे जाते. वाचकही पुढे जातो. दहा प्रकरणांनंतर ओंकार सहज विचारतो, "त्या साली उत्सव कधी होता?"

चुकीची वाट अशीच असावी. ती फुकट गेली असं वाटावं आणि तिच्यातूनच खरं काहीतरी हाताला लागलेलं असावं. नुसती दिशाभूल करणारी वाट वाचक माफ करत नाही.

आणि एक धागा नवीन काळातला द्या. माझ्याकडे चहाच्या टपरीवरचा पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा आहे. रात्री अकरा वाजता, टपरीचं शटर खाली असताना, आतून तो डबा बोलतो: "चाळीस रुपये प्राप्त झाले." चार चहांचे पैसे. म्हणजे आत चौघं बसलेत. आळीतल्या मंडळींची गुप्त बैठक त्या डब्यानं फोडली. लिहिताना मी स्वतःच टाळी वाजवली, नवऱ्यानं आतून विचारलं काय झालं.

शेवट आणि तपासणी

शेवटी आळीसमोर भाषण करून सत्य जाहीर करू नका. गावात सत्य असं जाहीर होत नसतं. माझ्या शेवटच्या प्रकरणात ओंकारचे आजोबा, आता ब्याऐंशी वर्षांचे, आरतीचं तबक आपल्या हातात येतं तेव्हा ते घेत नाहीत आणि गर्दीतून वाट काढत रेवतीच्या आजीपाशी नेऊन देतात. कोणी काही बोलत नाही. काकू भाजीच्या पिशवीऐवजी प्रसादाची वाटी या हातातून त्या हातात घेतात. ओंकार आणि रेवतीचं पुढे काय झालं ते मी लिहिलेलं नाही. तिचा फिजिक्सचा पेपर दुसऱ्या दिवशी होता.

खर्डा झाला की तीन माणसांना वाचायला द्या. एक सतरा वर्षांचा, एक गावातला, एक म्हातारा. लेखक मित्रांना नको, ते शैलीवर बोलतात. माझ्या दुकानात प्रोजेक्टचं स्पायरल बाइंडिंग करायला येणाऱ्या मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, ओंकार तीन तास रिप्लाय देत नाही, त्याचं रिचार्ज संपलंय का?" मी तिथं खोल मनोव्यापार लिहिला होता. काढला. गावातल्या वाचकानं एसटीची वेळ चुकल्याचं सांगितलं आणि बाकी सगळं मान्य केलं.

तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांनी दोन महिने लावले. मग एक दिवस हस्तलिखित माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "बाकी ठीक आहे. पण घरातली सगळी अंथरुणं दसऱ्याला नदीवर धुवायला जातात. त्या कागदांचा लगदा कसा नाही झाला?"

मी दुकान तासभर लवकर बंद केलं. आता दुसऱ्या प्रकरणात, त्या कुरकुरीच्या पानभर आधी, रेवतीची आई कुरकुरते की दसऱ्याला सगळी धुणी निघाली, तेवढी ही एक गोधडी आजींनी हातातून काढून घेतली.